ओढ्यातलं ऑनर्स

आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र घेणारी मुलं इतकी थोडी असत, की सर वर्गात आले की हजेरी न घेता नुसते सगळ्यांवरून एकदा नजर फिरवत आणि शिकवायला लागत. ऑनर्सला तर आम्ही चौघंच होतो, आणि त्यात मुलगी मी एकटी. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. पुण्यात मुली कॉलेजात जायला लागल्या होत्या, पण त्या संस्कृत घेत, फार तर इतिहास घेत. शेजारच्या काकू माझी ओळख करून देताना "ही आमच्याकडची दगड घेतलेली मुलगी" असं सांगत.

सर विलायतेहून शिकून आले होते आणि येताना एक कल्पना घेऊन आले होते. त्यांच्या मते ऑनर्स म्हणजे पेपरात जास्त मार्क पडलेला विद्यार्थी नव्हे. "विद्या, पुढारपण आणि सेवा," ते टेबलावर हातोडीचा दांडा आपटत म्हणायचे. "खडक ओळखता आला पाहिजे, चार माणसांना बरोबर घेऊन चालता आलं पाहिजे, आणि त्या खडकावर जे राहतात त्यांच्या उपयोगी पडता आलं पाहिजे. तिन्हींत पास झालात तर मी तुम्हाला ऑनर्सचे विद्यार्थी म्हणेन. युनिव्हर्सिटी काय म्हणते ते युनिव्हर्सिटी बघेल."

या तिन्ही गोष्टी एका दमात व्हाव्यात म्हणून नाताळच्या सुटीत त्यांनी भाज्याला मुक्काम ठरवला. मळवली स्टेशनपासून गाव जवळ, वर डोंगरात लेणी, त्यामुळे खडक आयता कापून ठेवलेला.

मी घरी विचारलं. वडील म्हणाले, "आत्या बरोबर येत असेल तर जा."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पुण्यातल्या एका इस्पितळात ती नर्स होती, आणि वॉर्डातले डॉक्टर तिला घाबरत असं आम्ही ऐकून होतो. तिची सुटी शिल्लक होती. ती एका वाक्यात तयार झाली. "दगड तर दगड," म्हणाली. "निदान ते रात्री घंटा वाजवून बोलवत नाहीत."

मळवलीला गाडीतून उतरलो तेव्हा सरांच्या खांद्यावर एक पडशी होती, मुलांकडे हातोड्या आणि वळकट्या, आणि आत्याकडे स्टोव्ह, दोन डबे, लोणच्याची बरणी, धुण्याचा साबण आणि पट्ट्या-आयोडिनची पेटी. सरांनी ते सगळं पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "बाई, आपण किती दिवस राहणार आहोत असं आपल्याला वाटतंय?"

"आपण पाच मुलांना घेऊन आला आहात," आत्या म्हणाली.

"चार," सर म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती बैलगाडीत बसली.

गावच्या पाटलांना सगळे आबा म्हणत. आत्याची आणि माझी सोय त्यांच्या घरात झाली. सर आणि मुलं शाळेच्या खोलीत उतरली. सरांनी पहिल्याच संध्याकाळी एक शिट्टी काढली. ही शिट्टी रोज एकेकाच्या गळ्यात जाणार, आणि ज्याच्या गळ्यात शिट्टी तो त्या दिवसाचा पुढारी. सरसुद्धा त्याचं ऐकणार. हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मला अजून आठवतं.

मुलं तीन तऱ्हेची होती. एक वकिलाचा मुलगा, तो कोणत्याही वाक्याला 'पण' लावूनच सुरुवात करी. दुसरा नगरकडचा, तालमीतला, त्याला जे उचलता येत नाही ते अस्तित्वातच नाही असं मानणारा. तिसरा चष्मेवाला. तो फारसं बोलत नसे, पण बोलला की पुस्तकातला परिच्छेद बाहेर पडे. तो आमच्यातला सगळ्यात हुशार होता आणि ते आम्हाला सगळ्यांना मान्य होतं.

विद्येचा भाग मजेत झाला. सकाळी आम्ही लेण्यांच्या चढावर जायचो. लाव्हाचे थर एकावर एक कसे बसले आहेत, दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीची रेघ कशी असते, कुठला दगड भरीव आणि कुठला जाळीदार, हे सर दाखवायचे. हातोडीने वाजवला की भरीव दगड टणकन बोलतो. आतून कुजलेला थपकन. आम्ही दिवसभर डोंगर वाजवत फिरायचो. गावात बातमी पसरली की पुण्याहून माणसं सोनं शोधायला आली आहेत. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन सरांना हळूच विचारायचे, "घावलं का?" सर त्यांना उत्साहाने लाव्हा समजावून सांगायचे. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं, नगा सांगू."

सेवेचा प्रश्न सरांनी आबांसमोर ठेवला. "आम्ही गावासाठी काय करावं?"

आबांनी विचार केला. त्यांना असा प्रश्न आजवर कुणी केला नसावा. मग म्हणाले, "वढ्यात दगडं टाका. टेसनावर दूध घिऊन जानाऱ्यांचं लय हाल हुत्यात. दिवाळी झाली तरी गुडघ्याएवढं पानी. धोतार वर धरावं तर किटली सुटती."

सर आनंदाने उभेच राहिले. दगड! ओढा ओलांडायला एका ओळीत पक्के दगड मांडायचे. विद्या, पुढारपण आणि सेवा, तिन्ही त्या एका ओढ्यात उतरली होती.

शिट्टी प्रथम वकिलाच्या मुलाकडे गेली. त्याने आम्हाला काठावर बसवलं आणि दगड कुठले असावेत, मुळात दगडच असावेत का, यावर चर्चा सुरू केली. दुपारी आत्या पिठलं-भाकरी घेऊन आली तेव्हा ओढ्यात एकही दगड पडला नव्हता. ठराव मात्र एकमताने झाला होता.

दुसऱ्या दिवशी नगरकडच्याची पाळी. त्याने चर्चा बंद केली. चढावर एक गोल गरगरीत धोंडा होता, तो त्याने पहारीने सुटा केला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगून खाली सोडला. धोंडा उड्या मारत थेट ओढ्यात जाऊन पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. नगरकडचा त्याच्यावर चढला, छाती काढून उभा राहिला, आणि धोंड्याचा एक पापुद्रा सुटला. मग दुसरा. कांदा सोलावा तसा तो धोंडा त्याच्या पायाखाली सोलला गेला आणि पुढारी पाण्यात बसला.

सरांना इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. ते बुटांसकट पाण्यात शिरले. "बघा! बघा! पुस्तकात चित्र असतं ते हेच! हवा-पाण्यानं खडक असाच गोल पापुद्र्यांनी कुजत जातो. तू उठू नकोस, तिथेच बस, सगळ्यांना दिसू दे!" नगरकडचा थंडीने कुडकुडत व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिला. रात्री आत्याने त्याला सुंठेचा काढा पाजला.

तिसऱ्या दिवशी शिट्टी चष्मेवाल्याकडे आली आणि आमचं नशीब उघडलं. तो एकटाच ओढ्याच्या कडेने वरच्या वळणापर्यंत गेला आणि धापा टाकत परत आला. त्याला असे दगड मिळाले होते, जसे आम्ही शोधत होतो. काळेभोर, भरीव, वरून सपाट आणि हात फिरवला तर काचेसारखे गुळगुळीत. आम्ही हातोडी मारून पाहिली. टणटणीत. चष्मेवाल्याने त्या गुळगुळीतपणाचं कारण तिथल्या तिथे सांगितलं: हजारो वर्षं वाहत्या पाण्याने आणि वाळूने घासून हा पृष्ठभाग तयार झाला आहे. सरांनी त्याची पाठ थोपटली. आबांचे बैल आणले, पहारी लावल्या आणि दिवस मावळायच्या आत ते सगळे दगड खाली आणून एका ओळीत मांडले. सर या काठावरून त्या काठावर गेले आणि परत आले. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

"हे ऑनर्सचं काम," ते म्हणाले.

सकाळी मला जाग आली ती बायकांच्या आवाजाने. आत्याचं अंथरूण रिकामं होतं. ती धुण्याची बादली घेऊन ओढ्यावर गेली होती. आवाज तिकडूनच येत होता. त्या दिवशी शिट्टी माझ्या गळ्यात यायची होती, ती सरांनी आदल्या संध्याकाळीच दिली होती. मी तशीच पळत निघाले.

वरच्या वळणावर गावातल्या झाडून सगळ्या बायका धुण्याच्या पाट्या कमरेवर घेऊन उभ्या होत्या. समोर चिखलात ओळीने खड्डे होते.

"आमची धुन्याची दगडं कुटं गेली?" एक उंच बाई ओरडत होती. "कुनाच्या बापाची म्हनून उचलली? माज्या सासूच्या सासूपासून त्या दगडावर धुनं धुतल्यालं हाय!"

माझ्या डोळ्यांपुढे तो काचेसारखा पृष्ठभाग उभा राहिला. हजारो वर्षं वाळूने नव्हे, लुगड्यांनी घासला गेला होता.

तोवर सर आणि मुलंही येऊन पोचली. आत्या बायकांच्या बाजूला उभी होती. तिच्या बादलीत आमच्याच सगळ्यांचे कपडे होते. मी तिच्याकडे आशेने पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? मलाही धुवायचेत. मीही दगड शोधतेच आहे."

"तुमच्यात पुढारी कोन हाय?" उंच बाईने विचारलं.

तिघांनी, आणि सरांनीही, माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं. पुढारपणाच्या बाबतीत आमच्यात इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढारी पोरगी निघेल असं त्यांना वाटलं नसावं. मी म्हटलं, "मावशी, चुकलं आमचं. आम्हाला वाटलं, ते ओढ्याचेच दगड आहेत."

"वढ्याचीच हाईत," ती म्हणाली. "पर आमची हाईत."

"पण कायद्यानं बघायला गेलं तर..." वकिलाचा मुलगा म्हणाला. मी शिट्टी फुंकली. आयुष्यात प्रथमच मी कुणाला तरी गप्प बसवलं होतं आणि ते मला फार आवडलं.

दगड परत आणून जागच्या जागी मांडायचं ठरलं. वाटलं तेवढं ते सोपं नव्हतं. प्रत्येक दगड कुणाचा ना कुणाचा होता. चष्मेवाला म्हणाला, दगड सगळे एकाच लाव्हाचे असल्यामुळे फरक सांगणं अशक्य आहे. बायकांना मात्र फरक कळत होता, फक्त प्रत्येकीला वेगळा. शेवटी मी म्हटलं, दगड राहू द्या, आधी तुम्ही उभ्या राहा. जी जिथं धुवायला बसते तिथं तिनं उभं राहायचं. दगड आम्ही तिच्या पायाशी आणू.

बायका आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी एकाच खड्ड्यात उभ्या होत्या. एक ती उंच बाई आणि दुसरी तिची जाऊ.

"ही माजी जागा," उंच बाई म्हणाली.

"ईचारा कुनाला बी! लगीन हून आले तवापासनं हितंच बसते मी."

"मी वाईच माहेरी गेलते तवा बसलीस!"

बाकीच्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या आणि त्या आरामात बसल्या. हे भांडण त्यांच्या ओळखीचं होतं. सर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "हे पुढारपणाच्या अभ्यासक्रमात नव्हतं."

मी त्या खड्ड्याभोवती एक चक्कर मारली. खड्डा चांगला ऐसपैस होता. मी विचारलं, "दगड दुप्पट मोठा आणला तर?"

"तर काय हुईल?"

"दोघींनी दोन अंगांनी बसायचं. पाठीला पाठ लावून. एकमेकींचं तोंड बघायला नको."

दोघींनी विचार केला. जाऊ म्हणाली, "तिचं पानी माज्या बाजूला येता कामा न्हाई."

"उतार दोन बाजूंना असलेला दगड आणू," मी म्हटलं. आयुष्यात प्रथमच मला भूगर्भशास्त्राचा असा रोकडा उपयोग दिसला. चष्मेवाला आणि मी चढावर गेलो आणि दुपारपर्यंत हातोड्या वाजवत हिंडलो. अखेर हवा तसा दगड मिळाला, घराच्या आढ्यासारखा मधे किंचित उंच. नगरकडच्याने तो बैलांच्या मदतीने आणला. दोघी जावा दोन्ही बाजूंनी बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग उंच बाईने मला विचारलं, "आन् आता वलांडायचं कशावरनं? गडी तर दूध घिऊन पान्यातनंच जात्याल."

"तुम्हीच सांगा, कुठून ओलांडावं?"

तिने बैलांबरोबर आलेल्या आबांकडे पाहिलं. आबांनी आभाळाकडे. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पुरुषांनी दाखवलेली जागा स्टेशनला जवळ होती खरी, पण तिथे पाणी ओढतं. बायकांच्या डोक्यावर सरपणाच्या मोळ्या असतात. त्या थोड्या खालून, उंबराजवळून जातात, तिथे पात्र पसरट आहे. आत्याने विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी ईचारलं?" जाऊ म्हणाली.

त्यानंतरचं काम इतक्या झटपट झालं की आम्हाला पुढारी कोण होतं ते आठवत नाही. बायकांनी घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळी गावातले गडी पहारी घेऊन आले. चढावरून दगड खाली येऊ लागले. प्रत्येक दगड ओढ्यात बसवण्याआधी आम्ही हातोडीने वाजवायचो. थपकन बोलला की बाद. हे बायकांना फार आवडलं. उंच बाईने माझी हातोडी घेतली ती सोडेचना. "ह्यो कुजका! ह्यो पन कुजका! ह्यो बरा हाय!" ती बहुतेक वेळा बरोबर असायची. चुकली की चष्मेवाला घाबरत घाबरत सांगायचा, आणि ती "बरं, बाबा" म्हणून पुढचा वाजवायची.

दोन दिवसांत ओळ पुरी झाली. सरांनी त्यावर छोटंसं भाषण करायचं ठरवलं. सगळं गाव काठावर जमलं. सर दगडांवरून चालत चालत बोलत होते आणि लोकांकडे तोंड असावं म्हणून उलटे चालत होते. "हा जो दगड," ते म्हणाले, "पृथ्वीच्या पोटातून वर आला, तो आज तुमच्या पायाखाली..." आणि त्यांनी पाऊल मागे टाकलं तिथे दोन दगडांमधलं पाणी होतं.

पाय चांगलाच मुरगळला होता. बहुधा हाडही चिरलं असावं. आत्याने पुढे होऊन बूट कापला, दोन हातोड्यांचे दांडे दोन्ही बाजूंना लावले आणि पट्ट्यांनी घट्ट बांधले. सर दात आवळून म्हणाले, "बाई, त्यातली एक हातोडी इंग्लंडमधली आहे."

"मग इंग्लंडलाच जोडून घ्या पाय," आत्या म्हणाली. "हलू नका."

लोणावळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला दुपारची गाडी होती. बैलगाडीत धक्के बसतील म्हणून आबांनी घरची बाज आणली. तिच्यावर सरांना झोपवलं, थंडी म्हणून अंगावर पांढरी चादर घातली, आणि नगरकडचा, चष्मेवाला आणि दोन गडी असे चौघे बाज खांद्यावर घेऊन निघाले. नव्या दगडांवरून पहिलं गेलं ते हे ओझं. एकही दगड हलला नाही. वकिलाचा मुलगा पुढे होऊन "जपून, जपून" म्हणत होता.

स्टेशनच्या वाटेला एक टांगेवाले चाचा समोरून आले. त्यांनी टांगा बाजूला घेतला, खाली उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले. लोहमार्गावर काम करणाऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीने हात जोडले आणि हळहळून म्हणाली, "आरं आरं, कुनाचं गेलं?"

सरांनी चादरीतून डोकं वर काढलं आणि नमस्कार केला.

म्हातारी किंचाळून बांधावरून खाली गेली. चाचांचं घोडं उधळलं. आत्याला हसू आवरेना. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती बाजेच्या पायाला धरून रस्त्यात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सर मात्र गंभीरच होते. "थांबा," ते गड्यांना म्हणाले. "त्या चरात बघा, डाव्या हाताला, तांबड्या मातीचा थर किती स्वच्छ दिसतोय."

"सायेब," बाजेखालून गडी म्हणाला, "आता गप पडा, न्हाईतर हितंच उतरवतो."

डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं आणि महिनाभर घरी बसवलं. आम्ही चौघं त्यांच्या घरी जाऊन शिकलो. ऑनर्स चौघांनाही मिळालं. सर सांगत, विद्या आणि सेवेचे गुण देणं सोपं गेलं. पुढारपणाचे गुण देताना मात्र त्यांना प्रत्येकाच्या नावापुढे थांबावं लागलं. मला त्यांनी जे गुण दिले ते पाहून वकिलाचा मुलगा 'पण' म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसला. तो पुढे खरंच वकील झाला. चष्मेवाला खाणीच्या खात्यात गेला.

पुढच्या हिवाळ्यात सरांनी नवीन तुकडी न्यायची ठरवली आणि मला मदतीला बोलावलं. या वेळी आत्याला कुणी विचारलं नव्हतं. तिनेच सुटी काढली. ओढ्यापाशी आलो तर दुरूनच धोपटण्याचे आवाज ऐकू आले. उंबराखालच्या आमच्या ओळीतल्या एकेका दगडावर एकेक बाई बसली होती. वाहतं पाणी, दोन्ही बाजूंना दगड, वर सावली. यापेक्षा चांगली धुण्याची जागा पंचक्रोशीत नव्हती. फक्त मधला एक दगड मोकळा होता, आणि त्याच्या दोन बाजूंना त्या दोघी जावा तोंडं फिरवून बसल्या होत्या.

"या पुढारीनबाई!" उंच बाई मला बघून ओरडली. "ह्या दगडाचा एकदा निकाल लावा!"

तेवढ्यात पलीकडच्या काठावर आबा आले. स्टेशनवरून परतत होते. त्यांनी बायकांच्या ओळीकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. वहाणा काढून हातात घेतल्या, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि दगडांच्या शेजारून पाण्यात उतरले.

"लय झ्याक काम केलंसा सायेब," ते सरांना म्हणाले. "गावाला लय उपेग झाला."